ओतासाहेबाचे त्रेचाळीस विसावे

कणसरी मातेला आणि हिरवादेवाला हात जोडून लिहिते.

मी, श्रीमती बायजी चैत्या गहला, वय वर्षे ७२ (शाळेच्या दाखल्यावर ७० आहे, तो मास्तरांनी अंदाजाने लिहिला), धंदा निवृत्त स्वयंपाकीण, राहणार पाटीलपाडा, तलासरी, जिल्हा पालघर, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहून ठेवते. माझी बुद्धी जागेवर आहे. तसे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत बरोबर उतरले, मधे एकदा त्यांचेच चुकले.

कोणी मला धाक घातलेला नाही की दारू पाजलेली नाही. घाई एवढ्याचसाठी की नोव्हेंबरपासून आमच्याकडची जमीन हादरते आहे. या महिन्याच्या एक तारखेला जो हादरा बसला त्यात माझ्या घराची मागची भिंत वरपासून खालपर्यंत चिरली. तेव्हापासून सगळा पाडा अंगणात ताडपत्रीखाली झोपतो. माणूस कधी दबून जाईल याचा भरवसा राहिलेला नाही.

या कागदात घर आहे, भांडी आहेत, बाजा आहे. पण मूळ कारण वेगळे आहे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी एका मोठ्या माणसाच्या कामात न विचारता हात घातला. ते लपवले. गेल्या वर्षी त्यावर धडधडीत खोटे बोलले. ते खोटे येत्या जूनमध्ये त्याच्या देशात पुस्तकात छापले जाणार आहे. ते माझ्यामागे खरे होऊन बसू नये, म्हणून हा खटाटोप.

कलम १. घर.
पाटीलपाड्यावरचे दोन खोल्यांचे घर, परसातल्या शेवग्यासह, माझ्या भावाची नात निलम हिला. भिंत चिरली आहे, तेव्हा खरे म्हणजे दीडच घर देते आहे. भाऊ काकड्या म्हणेल, पोरीला घर कशाला, ती उद्या लग्न होऊन जाईल. काकड्या, ती जाईल तिथे जाईल, घर कुठे जात नाही. पोस्टात जे असेल ते माझ्या कार्याला लावावे, उरले तर भिंतीला.

कलम २. भांडी.
आश्रमशाळेत मी चोवीस वर्षे पोरांना रांधून घातले. निवृत्त होताना तिथल्या बाईंनी दिलेले मोठे पातेले शेजारीण दक्षा हिला द्यायचे होते. पण वकील म्हणाले, ज्याला काही द्यायचे त्याची साक्ष घेऊ नये. दक्षाला विचारले, पातेले हवे की साक्ष करतेस? ती उंबरगावकडची, मी मराठीत भांडते, ती गुजरातीत भांडते, दोघींचे काही अडत नाही. ती म्हणाली, "साक्ष लखो. तपेलुं तो हुं एमनेम पण लई जईश." आणि ती नेणारच, म्हणून पातेल्याविषयी मी काही लिहीत नाही.

कलम ३. बांबूचा बाजा.
मौजे सरावली येथे बहरामशेठ इराण्यांच्या जुन्या चिकूवाडीत चिकू निवडायची जी पत्र्याची शेड आहे, ती शेठच्या मुलाने १९९० साली माझ्या नावावर करून दिली. त्या शेडमध्ये एकोणपन्नास नळ्यांचा बाजा आहे. वर हाताच्या पट्ट्या, खाली पायाचा भाता. तो बाजा आणि शेड, दोन्ही निलमला. तिला तो वाजवता येतो. डहाणूला दुसऱ्या कोणाला येत नाही, आणि दुसरीकडे कुठे असा बाजा असेल तर मला माहीत नाही.

हा बाजा ज्याने बांधला त्याचे नाव ओताकार झाहोरा. आम्ही ओतासाहेब म्हणायचो. तो चेकोस्लोव्हाकियातल्या एका लहान गावचा. तिथल्या दगडी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा आणि स्वतः गाणी रचणारा. तिकडे सरकार बदलले, चर्चमध्ये वाजवणाऱ्यांवर नजर राहू लागली, नोकरी गेली. बोटीने मुंबईला आला, पियानो दुरुस्त करून पोट भरू लागला. बहरामशेठनी त्याला १९५० साली बंगल्यातला पियानो दुरुस्त करायला आणले. पियानो वाळवीने आतून खाल्ला होता, तो काही दुरुस्त झाला नाही. साहेब मात्र वाडीत राहिला तो छत्तीस वर्षे, मरेपर्यंत. दिवसा चिकूच्या करंड्यांवर चिठ्ठ्या लावून डहाणू रोड स्टेशनवर पाठवायचा, संध्याकाळी बाजा बांधायचा.

बांबू माझ्या बापाने दिले. माझा बाप चैत्या तारपा वाजवायचा आणि बनवायचाही. भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मधमाशीचे मेण एवढ्यातून तो वारा बोलका करायचा. बांबू अंधाऱ्या पाखात, चंद्र उतरता असताना, तोडायचा म्हणजे कीड लागत नाही, सांधा मेणाने कसा बुजवायचा, हे साहेबाने त्याच्याकडून घेतले. बाजा पुरा व्हायला अकरा वर्षे लागली. पहिल्याच पावसाळ्यात बांबू फुगले आणि सगळे सूर बिघडले. साहेबाचे डोके फिरले, नळ्या उपटायला निघाला. बाप दारात बसून हसत होता. म्हणाला, "पावसात कोण वाजवतो रे साहेब? आम्ही तारपा भात पिकल्यावर काढतो, मग होळीला ठेवून देतो. तुझा पण बांबूच हाय ना?" तेव्हापासून साहेबही दसऱ्याला झाकण उघडायचा आणि होळीला बंद करायचा. हा नियम निलमने पाळावा.

कलम ४. हत्यारे.
नळ्या कापायची बारीक करवत, कानस, मेणाचा डबा, भात्याच्या कातड्याला लावायचे तेल, सगळे निलमला. करवतीची मूठ बापाने केलेली आहे. ती बदलायची नाही.

कलम ५. मी बाजा कशी शिकले, आणि लोकांच्या तोंडाला उत्तर.
आमच्यात बाईमाणसे तारप्याला तोंड लावत नाहीत. बाप मधे उभा राहून वाजवायचा, आम्ही पोरी एकमेकींच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती नाचायचो. मला सगळ्या चाली पायांना पाठ होत्या, तोंडाला मनाई होती. सोळाव्या वर्षी वाडीत चिकू निवडायला लागले आणि साहेबाचा बाजा पाहिला. त्याला तोंड लावावे लागत नाही. पाय आणि हात. मी बापाला विचारले, याला बंदी आहे का? बापाने खूप विचार केला, बिडी संपवली आणि म्हणाला, "याचं कोणी सांगितलेलं नाय." तेवढे मला पुरले.

माझी आई रखमी लग्नाघरी भिंतीवर चौक लिहायची. तिचा हात मला आला होता. रेघ हलायची नाही. ते बघून साहेबाने मला त्याच्या वह्यांच्या प्रती करायला बसवले. पाच रेघा, त्यांवर काळे दाणे, कुठे शेपटी, कुठे टोपी. अकरा वर्षे मी त्याच्या सगळ्या रचना उतरवल्या.

लोक नाही नाही ते बोलले. आता मी मरणार आहे, तेव्हा ऐका. साहेबाने मला कधी बोट लावले नाही. भात्यावर पाय चुकला की फुटपट्टीने घोट्याला टोचायचा, तेवढेच. ज्यांनी बोलायचे ते सगळे वर गेले आहेत, तिथे गेल्यावर एकेकीला विचारणार आहे.

साहेबाची एक सवय इथे लिहून ठेवते, कारण पुढे तिचे काम आहे. वाजवता वाजवता तो मधेच दोन्ही हात उचलायचा आणि मान तिरकी करून पत्र्याकडे बघत बसायचा. निवडणाऱ्या बाया म्हणायच्या, साहेब पाली मोजतो. मीही हसायचे. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

कलम ६. माझा गुन्हा.
१९७४ साली साहेबाने त्याची सर्वांत मोठी रचना पुरी केली. नाव नेश्पोरी, म्हणजे त्यांची संध्याकाळची प्रार्थना. पहिल्यांदाच गावाला पाठवायचे त्याने मनावर घेतले. तिथे त्याची बहीण होती आणि ते चर्च होते. प्रत मी करायची होती.

त्या रचनेत त्रेचाळीस ठिकाणी विसाव्याच्या खुणा होत्या. विसावा म्हणजे तिथे वाजवणाऱ्याने हात उचलायचे आणि गप्प राहायचे, कुठे चार मोजेपर्यंत, कुठे आठ. मला त्या खुणा बघवेनात. तारप्यात सूर तुटत नाही. बाप गालात वारा साठवून नाकाने श्वास घ्यायचा, पण तारपा गप्प होऊ द्यायचा नाही. मधेच गप्प झाला तर नाचणाऱ्यांचे हात सुटतात, रांग मोडते, ते फार वाईट. मला वाटले, साहेब एवढा जाणता, पण त्याला कोणी सांगितलेले नाही. मी त्याची चूक सुधारते आहे, अशा समजुतीने मी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस विसावे गाळले आणि आधीचे सूर लांबवून ती जागा भरून काढली. विचारले नाही. साहेब घाईत होता, त्यानेही तपासले नाही, माझ्यावर डोळे मिटून भरवसा होता. मीच पाकीट डहाणूच्या पोस्टात टाकले.

पाच महिन्यांनी बहिणीचे पत्र आले. चर्चमध्ये रचना वाजवली, लोक रडले, नदीसारखी एकदाही थांबत नाही, अशी रचना कोणी ऐकली नव्हती. साहेबाने पत्र दोनदा वाचले, मूळ वही काढली, माझ्याकडची कच्ची प्रत काढली, शेजारी ठेवली. मग मला हाक मारली.

"विसावे कुठे गेले बायजी?"

"मधेच बंद पडल्यासारखं वाटत होतं साहेब. हात सुटतात नाचणाऱ्यांचे."

तो ओरडला असता तर बरे झाले असते. त्याने बाजाचे झाकण लावले आणि म्हणाला, "तू घरी जा बाय."

मी गेले. तलासरीला आश्रमशाळेत चुलीपुढे उभी राहिले. साहेबाने बहिणीला खरे कधी कळवले नाही. का ते मला माहीत नाही. माझी लाज झाकली म्हणा, की सगळे रडले हे वाचून त्याची जीभ अडली म्हणा. पण त्यानंतर त्याने एक ओळही लिहिली नाही, आणि हे माझ्यामुळे झाले.

बारा वर्षांनी, १९८६ च्या भादव्यात, त्याने मला बोलावले. खाटेवर होता, हाडे उरली होती. दसरा जवळ आला होता, म्हणून म्हणाला नळ्यांचे मेण बघ. मी बघितले. वह्यांच्या ट्रंकेची किल्ली हातात दिली आणि म्हणाला, पावसात उघडू नको, कागद ओलावतो. त्या गोष्टीविषयी तो बोलला नाही, मीही बोलले नाही. दसऱ्याच्या चार दिवस आधी गेला. बाजा सुरात यायच्या आत गेला, याचे मला अजून वाईट वाटते.

कलम ७. माझे खोटे.
गेल्या वर्षीच्या जानेवारीत त्याच्या गावाहून येव्हाबाई आल्या. संगीताच्या शिक्षिका, वय पन्नासच्या आसपास, उन्हाने लालबुंद झालेल्या. त्या साहेबाच्या रचनांचे पुस्तक करत आहेत. निलम मधे बसून इंग्रजीतून सांगत होती. बाई म्हणाल्या, नेश्पोरी आमच्याकडे दर वर्षी वाजवतात, न थांबणारी रचना म्हणून तिचे नाव आहे, मूळ वही मिळेल का?

मूळ वही ट्रंकेत होती. मी म्हणाले, "वाळवीने खाल्ली."

का बोलले? लिहितेच. या जगात माझे म्हणावे असे काही नाही. मूल नाही, नाव नाही. सातासमुद्रापार एका गावात लोक जिच्यासाठी रडतात, ती न थांबण्याची कल्पना माझी होती, माझ्या बापाच्या तारप्याची होती. वही दिली असती तर विसावे परत आले असते आणि मी पुसली गेले असते. म्हणून बोलले.

बाईंनी मान हलवली. मग शेडमध्ये जाऊन बाजाची एक पट्टी दाबली, सोडली, आणि वर पत्र्याकडे बघितले. निलमला काहीतरी म्हणाल्या. निलमने मला सांगितले, "आजी, त्या म्हणतात, इथे आवाज लगेच मरतो. त्यांच्या चर्चमध्ये हात उचलल्यावर सहा-सात सेकंद दगडांत फिरत राहतो."

मी कधी दगडी चर्चमध्ये गेलेले नाही. आमची शेड पत्र्याची आणि कुडाची, सूर सुटला की संपला. मला कसे कळणार? साहेबाचे विसावे रिकामे नव्हतेच. तिथे तो गप्प राहणार होता आणि त्याचे चर्च बोलणार होते. त्याने ज्या जागा आपल्या गावासाठी ठेवल्या होत्या त्या मी बुजवल्या. आणि तो पाली मोजत नव्हता. पत्र्याखाली बसून तो आपल्या गावचा आवाज येतो का ते ऐकत होता, चोवीस वर्षे, आणि आम्ही बाया हसत होतो.

बाईंची गाडी गेल्यावर मी बाजाला डोके टेकून रडले. पण खरे काही सांगितले नाही.

कलम ८. काकड्याचा हिशेब.
बाप गेला तेव्हा मी काकड्याकडे त्याचा तारपा मागितला. वाजवायला नाही, नुसता भिंतीला लावायला. काकड्या म्हणाला, बाईच्या घरात तारपा राहत नाही. त्याने तो माळ्यावर टाकला आणि उंदरांनी भोपळा कुरतडला. हे मी माफ केलेले नाही, करणारही नाही. तरी साक्षीला त्यालाच बोलावले आहे, कारण मी शुद्धीवर आहे की नाही हे त्याच्याइतके कोणी सांगू शकत नाही. सत्तर वर्षे तो मला वेडी म्हणतो आहे.

कलम ९. मूळ वही.
माझ्या मृत्यूनंतर निलमने ट्रंक उघडून मेणकापडात गुंडाळलेली नेश्पोरीची मूळ वही, बावीस पाने, येव्हाबाईंना पाठवावी, सोबत या मृत्युपत्राचे कलम ६ आणि ७ इंग्रजी करून जोडावे.

कलम १०. रविवारची गोष्ट.
मागच्या रविवारी मी मूळ वही पट्ट्यांपुढे लावली आणि नेश्पोरी पहिल्यांदा साहेबाने लिहिली तशी वाजवली. निलमने भाता सांभाळला, माझ्या गुडघ्यांना आता होत नाही. काकड्याला मी सरावलीला घेऊन गेले होते. चव्वेचाळीस वर्षांत तो त्या शेडमध्ये आला नव्हता.

पहिला विसावा आला, मी हात उचलले.

"फुटला काय ग बाजा?" काकड्या म्हणाला.

"नाय. थांबलेय."

"कशाला?"

"साहेब थांबायचा."

"का पण?"

"त्याचं गाव ऐकू येतंय का बघायचा."

काकड्याने पत्र्याकडे बघितले. पुढच्या बेचाळीस विसाव्यांत तो एकदाही बोलला नाही. इथे काही ऐकू येत नाही, येणारही नाही, पण मी प्रत्येक विसावा पूर्ण मोजला. संपल्यावर काकड्या म्हणाला, "लय एकटा होता ग तो." भाऊ आहे, कधीकधी त्याला कळते.

कलम ११. दुरुस्ती.
इथवर लिहून झाल्यावर आज दुपारी निलमने हा कागद मोठ्याने वाचला. कलम ९ वाचून थांबली आणि म्हणाली, "आजी, पुस्तक जूनमध्ये छापतायत. तू जूनपर्यंत मरणार आहेस का?"

मी मरणाच्या आड लपून खरे बोलायला निघाले होते. म्हणजे तोवर साहेबाच्या नावावर माझेच छापले जाणार, पुन्हा त्याच्या पाठीमागे.

सबब कलम ९ मी रद्द करते. निलमने ट्रंक आत्ताच उघडली. बावीस पाने एकेक करून अंगणात, उजेडात, मोबाइलवर फोटो काढून येव्हाबाईंना पाठवली. खाली माझ्या सांगण्यावरून लिहिले: वाळवीने खाल्लेली नाही. मी खोटे बोलले. विसावे साहेबाचे आहेत, न थांबणे माझे होते. साहेबाचे छापा, माझे काढा. चार वाजून दहा मिनिटांनी दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर अजून आलेले नाही. काहीही आले तरी या कागदात बदल करायचा नाही. मूळ वही टपालाने सोमवारी जाईल, ती मी स्वतः पोस्टात टाकणार आहे. मागच्या वेळची प्रतही मीच टाकली होती.

कलम १२. माझे कार्य.
माझ्या दिवसांच्या कार्याला निलमने शेडमध्ये नेश्पोरी वाजवावी, त्रेचाळीस विसाव्यांसकट. विसाव्यात कोणी खोकू नये, मोबाइल वाजू नये, दक्षाने गुजरातीतही काही म्हणू नये. मी होळीच्या आधी मेले तर सोपे आहे. पावसाळ्यात मेले तर भात पिकून दसरा होईपर्यंत वाजवू नये. नळ्या फुगलेल्या असताना वाजवून साहेबाचे पुन्हा वाटोळे करायचे नाही. तोवर माझे कार्य राहू द्यावे, मला घाई नाही. साहेब पंचेचाळीस वर्षे थांबला आहे.

हे मृत्युपत्र मी वाचले, मला समजले, आणि खालील दोघांच्या देखत सही केली.

ठिकाण: पाटीलपाडा, तलासरी (अंगणात)
दिनांक: ९ फेब्रुवारी २०१९, शनिवार

लिहून ठेवणार: बायजी चैत्या गहला (सही)

साक्षीदार १: दक्षा (सही गुजरातीत)

साक्षीदार २: काकड्या चैत्या गहला, डाव्या हाताचा अंगठा. त्याने तोंडी सांगितले ते निलमने लिहिले: बहीण शुद्धीवर आहे. तिने सही केलेली मी बघितली. बापाचा तारपा आज सोबत आणला आहे, भोपळा फुटलेला आहे, तो तिच्या हातात दिला.